येशूचे रोडगे

रूपराव आयुष्यात पुष्कळ नवस बोलले आणि बोललेले सगळे त्यांनी फेडले. मारोतीचा नारळ, देवीची ओटी, गिरडच्या बाबाची चादर, कशात म्हणून हयगय नाही. बैलाचा पाय मुरगळला तरी हा माणूस कोणत्या ना कोणत्या देवाशी बोलणी करून मोकळा व्हायचा. पण येशूला रोडग्यांचा नवस बोलणारा अख्ख्या देवळी तालुक्यात हाच पहिला असेल, असं त्यांचे थोरले भाऊ प्रभाकरराव भेटेल त्याला सांगत होते. कौतुकानं सांगत होते की टिंगलीनं, ते ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं घ्यावं.

आज तो नवस फिटायचा होता. संक्रांत होऊन गेली होती, तुरी निघाल्या होत्या. शेतात गुरांच्या कोठ्यापुढं गोवऱ्यांची रास पेटवून पुरुष मंडळी तिचा आर पडायची, धगधगते निखारे व्हायची वाट बघत बसली होती. रोडगे करावेत ते पुरुषांनीच, हा इकडचा रिवाज. कणकेचे गोळे एकात एक घालून मोठाले उंडे वळायचे, निखाऱ्यांत पुरायचे, तडकेपर्यंत भाजायचे आणि मग वरणात कुस्करून वर तुपाची धार धरायची. बायकांकडे फक्त वांग्याची भाजी आणि वरण. एरवी चुलीकडे न फिरकणारे बाप्ये त्या दिवशी असे काही हुकूम सोडतात की स्वयंपाकाचा शोध त्यांनीच लावला असावा.

जयवंता वांगी चिरत बसली होती आणि मनातल्या मनात बोलत होती.

‘प्रभू, तू मनावर घेऊ नको. माणूस भला हाय. त्याले देवाशी असंच बोलता येते.’

हे बोलणं तिचं तीसेक वर्षांपासून चालू होतं. आदेश अंगावर पीत होता तेव्हा तिला क्षय झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात तिला वेगळ्या वॉर्डात ठेवलं, आणि आदेशला तिच्या जावेनं, प्रभाकररावांच्या शोभाबाईंनी पोटाशी धरलं. घरचे यायचे, डबा खिडकीतून द्यायचे आणि तोंडाला पदर लावून परत जायचे. त्यांचाही दोष नव्हता, घरात लेकरं होती. पण तिथली एक सिस्टर तिला येशूबद्दल सांगायची, आणि मुख्य म्हणजे तिच्या खाटेवर बसून सांगायची. एका दुपारी जयवंताला एकदम वाटलं, की ज्याच्याबद्दल ही बाई सांगते तोही इथंच बसला आहे, आणि त्याला उठून जायची घाई नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. बरी होऊन घरी आली तरी ते थांबलं नाही. शेतात निंदताना, भाकरी थापताना, जावेशी भांडण झाल्यावर तर जास्तच.

रविवारी एसटीनं पुलगावला जायचं, तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये बसायचं आणि दुपारी परत यायचं. रूपरावांनी तिला कधी अडवलं नव्हतं. ‘रविवार त्याचा, बाकीचे सहा दिवस माहे,’ असं म्हणून त्यांनी तो हिशेब मिटवला होता.

मग ऑक्टोबरात कपाशीवर फवारा मारताना आदेश धुऱ्यावर, शेताच्या बांधावर कोसळला. तोंडाला फडकं नाही, उन्हाची वेळ, दोन औषधं एकात एक कालवलेली. दवाखान्यात त्याच्या नाकातोंडात नळ्या घातल्या होत्या आणि डॉक्टर काही बोलत नव्हते. रूपराव व्हरांड्यात येरझारा घालता घालता एकाएकी बायकोपुढं येऊन उभे राहिले.

“माह्या साऱ्या देवायले सांगून झालं. आता तुया येशूले सांगतो. पोरगं उठून घरी आलं तं शेतात रोडगे करीन त्याच्या नावानं. साऱ्या गोताले जेवू घालीन.”

“अवो, येशूले नवस नाई बोलत जी,” जयवंता म्हणाली.

“पुरं ऐक. अन् नाई उठलं, तं तू ते पुलगाव बंद करजो. तीस वर्स त्याचे पाय धरले, अन् एक पोरगं नाई वाचवत तं काय कामाचा? दादा, तुमी साक्षीले हा.”

प्रभाकरराव बाजूलाच उभे होते, त्यांनी मान हलवली. जयवंता वॉर्डाच्या दाराकडे वळली. तिला तेव्हा पोराखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

पोरगं उठलं, घरी आलं. अशक्तपणा म्हणून त्याला शेतात कोणी पाठवेना, मोटरसायकलला हात लावू देईना. नाताळात पुलगावच्या मंडळीत पास्टर रत्नदीपनं जयवंताला साक्ष द्यायला उभं केलं. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे साक्ष. जयवंता कधी चार माणसांपुढं बोलली नव्हती. पण त्या दिवशी ती बोलली, रडली, आणि ‘माया पोराले प्रभूनं पुरं बरं केलं’ असं म्हणाली तेव्हा सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणून ओरडली. मागच्या खुर्चीवर आदेश आणि त्याची बायको काजल बसली होती. काजल रडत होती. जयवंताला वाटलं, सून आनंदानं रडते आहे.

आर पडला, उंडे पुरले गेले, आणि पुलगावहून पास्टर रत्नदीप मोटरसायकलवर आला. पोरगेलासा, चष्मेवाला माणूस. रूपरावांनी त्याला खाटेवर सतरंजी टाकून बसवलं आणि कामाचं विचारून घेतलं.

“पास्टरसायेब, नारळ फोडाचा का तुमच्यात?”

“नाही काका.”

“गुलाल?”

“नाही. आपण प्रार्थना करू, मावशी दोन शब्द साक्ष देतील, मग जेवू.”

“बस? येवढंच?” रूपराव जरा हिरमुसले. “लय साधा देव हाय मंग.”

शोभाबाई वरणाला फोडणी देत होत्या. त्या जयवंताच्या कानाशी म्हणाल्या, “तुया देवाचं बरं हाय वो. आमच्या देवीले पुरनाशिवाय चालत नाई.” त्यांच्या बोलण्यात खवचटपणा होता, पण तो जुना, वापरून मऊ झालेला होता. जयवंता हसली.

“आदेश!” रूपरावांनी हाक मारली. “ये रे बापू. पह्यला रोडगा तुया हातानं काढ. तुयासाठीच केला हाय सारा खटाटोप.”

आदेश कोठ्याच्या सावलीत बसला होता. तो उठला नाही. काजल मात्र परातीत पाणी घेत होती ती लगबगीनं उठली.

“मी काढतो ना बाबा. त्यायले धुराचा त्रास होते.”

“बाईनं नाई काढत रोडगा,” प्रभाकरराव म्हणाले. “अन् हा तं लहानपणापासून उस्ताद हाय. आठवते का रूपराव, गेल्या खेपेले ह्यानंच सारे काढले. एक बी करपू नाई देला.”

“येतो,” आदेश म्हणाला.

तो आला, हळूहळू, पाय घासत. अशक्त आहे म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. कोणीतरी त्याच्या हातात चिमटा दिला. तो निखाऱ्यांसमोर उकिडवा बसला, थोडा वेळ तसाच राहिला, चिमटा राखेत खुपसला आणि एक गोळा उचलून परातीत ठेवला.

परातीत लालबुंद गोवरीचा तुकडा धुपत होता.

हशा पिकला. प्रभाकरराव तर मांडीवर थाप मारून हसले. “अरे बह्याडा, येशूले गोवरी खाऊ घालतं का?” पास्टरही हसला. रूपरावही हसले आणि ‘काढ काढ, दुसरा काढ’ म्हणाले. आदेशही हसला, सगळ्यांत जास्त, आणि हसता हसता परातीचा काठ बोटांनी चाचपला.

जयवंतानं ती बोटं पाहिली.

मागचे दोन-तीन महिने तिच्या डोळ्यांपुढून सरसर गेले. पोरगं जेवायला रोज त्याच एका जागी बसतं. काजल भाकरी ताटात ठेवत नाही, हातात देते. अंगणात कोणी आलं तर बोलल्याशिवाय ह्याची मान वळत नाही. आणि मोबाइल! रात्रंदिवस त्यात डोकं खुपसून बसणाऱ्या पोराचा नाद सुटला म्हणून तिनं देवाचे आभार मानले होते. सगळं तिच्या समोर होतं. तिनं बघितलंच नव्हतं, कारण बघायचं नव्हतं.

ती विळी बाजूला सारून उठली आणि लेकासमोर जाऊन बसली.

“आदेश, माह्याकडं पाह्य.”

“काय वो माय, पाहून तं राह्यलो.”

तो तिच्या कानाकडे बघत होता.

“केव्हापासून?” तिनं विचारलं.

आदेशनं चिमटा खाली ठेवला. आजूबाजूचं हसू हळूहळू विरत गेलं. काय झालं ते कोणाला कळेना, पण काहीतरी झालं आहे हे सगळ्यांनाच कळलं. काजलनं तोंडावर पदर घेतला आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

“सांग ना वो,” शोभाबाई तिच्यावर खेकसल्या. “काय झालं?”

“त्यायले दिसत नाई,” काजल म्हणाली. “दवाखान्यातूनच दिसत नाई. उजेड कळते, बाजूनं जराशी सावली कळते, समोरचं काई नाई. डॉक्टर म्हणले, विषानं डोयाच्या नसा सुकल्या. येईन बी म्हणले, नाई बी येणार म्हणले. हे मले म्हणले, घरी कोणाले सांगू नको.”

“काऊन?” रूपरावांनी विचारलं.

उत्तर आदेशनं दिलं, पण ते बापाला नव्हतं. “माय, तू किती खुश होती. पह्यले वाटलं, येईन हप्त्या-पंधरा दिवसात, काऊन सांगाचं? मंग नाताळ आला. तू साऱ्यायपुढं उभी राहून म्हणाली, माया पोराले पुरं बरं केलं. मी मागं बसून ऐकून राह्यलो. मले तुयं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू आला ना. तुया तसा आवाज मी जल्मात नव्हता ऐकला. मंग कसं सांगू? मी म्हणलं, माहे डोये गेले तं गेले. मायचा देव नाई गेला पाहिजे.”

पास्टर रत्नदीपनं चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

जयवंतानं लेकाचा हात धरला. तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो कोणावर आहे हे तिला पक्कं माहीत होतं. एवढं वर्षानुवर्षं बोलणं चालू, बारीकसारीक सगळं प्रभूच्या कानावर घालायची सवय, आणि ही एवढी गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही! तिनं नाताळात तोंड उघडलं तेव्हा तरी ते मिटवायचं.

पहिले भानावर आले ते प्रभाकरराव. देवळीत कापडाचं दुकान चालवणारा माणूस, व्यवहार त्यांच्या रक्तात.

“रूपराव, वाईट झालं,” ते म्हणाले. “पण बोलल्याशिवाय नाई राहवत. नवस कशाचा होता? पोरगं बरं होऊन घरी येण्याचा. हे बरं हाय का? मी तवा तठीच उभा होतो. तुमी म्हणले होते, नाई झालं तं पुलगाव बंद.”

“उठून आलं तं खरं दादा,” रूपराव चाचरत म्हणाले. “जीव तं वाचला.”

“मंग अर्धा नवस झाला म्हणा! अर्धे रोडगे त्याले द्या, अर्धे आपल्या मारोतीले. असं चालते का कुठी? तुमचा शब्द आजवर कधी खाली पडला नाई. पोराचे डोये गेले, अन् तुमची बायको दर रयवारी तठी जाऊन टाळ्या वाजवणार, लोक काय म्हणतीन?”

रूपरावांनी मान खाली घातली. शब्दाला जागणारा म्हणून गोतात त्यांचं नाव होतं, आणि तेच नाव आता त्यांच्या गळ्याशी आलं होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही, आणि ते बघत नाहीत हे जयवंताला दिसलं. त्यांनी एकदा सगळ्यांदेखत ‘बंद’ म्हटलं की ते मागं फिरणार नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

“तुमी चूप बसा.”

आवाज शोभाबाईंचा होता. नवऱ्याला चारचौघांत असं बोलायची त्यांची रीत नव्हती, त्यामुळं प्रभाकरराव खरोखरच चूप बसले.

“आपला निकेश तापानं गेला,” शोभाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात वरणाचा डाव तसाच होता. “आठ वर्साचा होता. मी देवीपुढं पदर पसरला होता, उपास धरले होते, अनवाणी गेली होती. गेला ना तरी? तवा तुमी मले म्हणले का, देवी बंद कर म्हणून? कोणी म्हणलं का? मी त्याच साली नवरात्र बसवलं. सारे म्हणले, शोभाबाईची श्रद्धा मोठी. मंग हिनं तेच केलं तं ते येडेपण कसं?”

“त्याचं अलग हाय,” प्रभाकरराव पुटपुटले.

“काई अलग नाई. लेकराचं दुखणं अलग नसते.” आणि मग जावेकडे वळून, जराशा तोऱ्यानंच, “मले तुया येशूचं काई कळत नाई वो जयवंते. आवडत बी नाई. पण ह्या पोराले मी दूध पाजलं हाय. त्याच्या डोयावरून कोणी तुले इकडं-तिकडं करीन तं मी नाई ऐकून घेणार.”

तीस वर्षं ह्या दोघी जावा एकमेकींच्या देवावरून टोमणे मारत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच जयवंताला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण शोभाबाई लगेच वरण ढवळायला वळल्या. डोळ्यांना पाणी आलेलं त्यांना कोणाला दाखवायचं नव्हतं.

पास्टर रत्नदीप खाटेवरून उठून जयवंताजवळ आला. “मावशी, चूक माझी आहे. मीच घाई करून तुम्हाला उभं केलं. आज साक्ष राहू द्या. मी साधी प्रार्थना करतो.”

“नाई,” जयवंता म्हणाली. “खोटी साक्ष देली तवा उभी होती. आता खरी बसून देऊ का?”

ती उभी राहिली. हाताला वांग्याचा काळा राप लागला होता, तो तिनं लुगड्याला पुसला.

“मी नाताळले सांगतलं, माया पोराले प्रभूनं पुरं बरं केलं. ते खोटं होतं. मले माहीत नव्हतं. पण माहीत करून बी घ्याचं नव्हतं, ते माहं पाप. आता खरं सांगतो. आदेशले दिसत नाई. मी उद्यापासून रोज मागीन, का त्याले दिसू दे. तो देईन का नाई, मले नाई माहीत. पास्टरले बी नाई माहीत.”

पास्टरनं मान हलवली. नाही माहीत.

“पण मी त्याले डोयासाठी नाई धरलं. जिवासाठी बी नाई धरलं. वार्डात होती तवा मले वाटे, मी आता मरतो. मी त्याले ‘वाचव’ बी म्हणली नव्हती, मागाले येतच नव्हतं. मी काई मागाच्या आधीच तो येऊन बसला होता. आता मले जे हवं ते भेटलं नाई म्हणून मी उठून जाऊ? तो नाई उठला तवा.”

मग ती नवऱ्याकडे वळली. सगळ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“तुमी शब्द देला होता. तुमचा शब्द मी खाली नाई पडू देणार. नको जाऊ म्हणान, तं नाई जाणार पुलगावले. एसटीत पाय नाई ठेवणार. पण त्याच्याशी बोलणं बंद कर म्हणान, तं जी, ते तुमच्या हातात नाई. माह्या बी हातात नाई. ते चालूच हाय.”

एवढं बोलून ती खाली बसली आणि वांगी चिरायला लागली. फोडी लहानमोठ्या पडत होत्या.

रूपराव उठले, लेकाच्या मागं जाऊन बसले, त्याच्या हातात चिमटा दिला आणि आपला हात त्यावर धरला. “चाल,” ते म्हणाले. “करपून राह्यले सारे.” बापलेकांनी मिळून सगळे रोडगे काढले. खालचे बरेचसे करपलेच होते. पास्टरनं प्रार्थना केली, अगदी थोडक्यात. मग पंगत बसली. प्रभाकररावांनी तीन रोडगे खाल्ले आणि कोणाच्या नावाचे ते विचारलं नाही.

दिवस कलल्यावर मंडळी पांगली. काजल आणि आदेश शोभाबाईंबरोबर छकड्यात बसून गावात गेले. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे नागपूरला कधी जायचं, कोण बरोबर जाणार, ह्यावर त्यांचं बोलणं चालू होतं आणि त्यात शोभाबाईंचाच आवाज वर होता. रूपराव गुरांना पाणी दाखवून आले तेव्हा कोठ्यापुढं कोणी नव्हतं. मागच्या बाजूनं बोलणं ऐकू आलं.

जयवंता कोठ्याच्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. दुपारभर न आलेलं रडू आता मोकळं झालं होतं.

“...अन् मले नाई सांगतलं! पोराले सांगता येत नव्हतं, तुले बी येत नव्हतं का? साऱ्यायपुढं माहं हसं करून घेतलं. अन् त्याचं काय? बत्तीस वर्साचं पोरगं, त्यानं कसं कराचं? ती काजल पोट्टी, तिनं कसं कराचं? तुले आंधळ्यायचे डोये देता येते ना? मले वाचून दावलं हाय पास्टरनं, दोनदा वाचून दावलं. मंग माह्याच पोराच्या वक्ताले काय झालं? बोल ना. नाई, तू बोलच...”

रूपराव जागीच थबकले. इतकी वर्षं त्यांची अशी समजूत होती, की रविवारी ती पुलगावला जाऊन हात जोडत असेल, डोळे मिटत असेल, देवापुढं करतात ते करत असेल. देवाशी असं कोणी बोलतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हा सूर मात्र त्यांच्या चांगला ओळखीचा होता. दारू पिऊन घरी आलेल्या रात्री, बहिणीच्या लग्नात जयवंताला न विचारता तिच्या पाटल्या दिल्या तेव्हा, हाच सूर त्यांनी ऐकला होता. सगळं ऐकवून झाल्यावर सकाळी चहा ठेवणारी बाई ती हीच.

ते खाकरले. जयवंतानं पदरानं तोंड पुसलं, पण ती उठली नाही.

“येवढं भांडतं त्याच्याशी?” त्यांनी विचारलं.

“मंग कोणाशी भांडू?”

“अन् तो?”

“ऐकते.”

“काई म्हणते का?”

जयवंतानं खरं तेच सांगितलं. “अजून नाई.”

रूपराव चवड्यावर बसले. जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागले. “मले वाटलं, तुया देवाले बी द्या-घ्याचं समजत असन,” ते शेवटी म्हणाले. “मी चुकलो. पोराच्या जिवावर तुयं पुलगाव लावलं. लावाले नाई पाहिजे होतं.”

जयवंता पदराचा काठ सरळ करत राहिली.

“रयवारी जाजो तू. दादाले मी पाहून घेतो. लोक म्हणतीन रूपरावचा शब्द गेला, तं म्हणू दे. एक गेला तं काय होते.”

शब्द मोडायचा म्हणजे ह्या माणसाला किती जड आहे, हे जयवंताला माहीत होतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले, पण हे रडणं निराळं होतं.

“चाल मंग,” रूपराव उठत म्हणाले. “अंधार पडून राह्यला. घरी चाल.”

“तुमी व्हा जरासे बाजूले,” जयवंता म्हणाली. “माहं बोलणं अजून झालं नाई.”

रूपरावांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि ते कोठ्याच्या पुढच्या बाजूला जाऊन तिची वाट बघत उभे राहिले.